न मोडलेली चूल

नवी पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. जे उघडून बघता येत नाही, त्यावर माझा विश्वास नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. एकतीस सालच्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, "तुमच्या पत्नीच्या छातीला मोकळी हवा पाहिजे, नाहीतर काही खरं नाही." मी नवससायास केले नाहीत. भाड्यानं राहुटी घेतली आणि हिप्परग्याच्या तलावाकाठी ठोकली.

बाभळीखाली तीन दगडांची चूल आयतीच मांडलेली होती. म्हटलं, बरं झालं, तेवढेच कष्ट वाचले. माझी बायको पार्वतम्मा गाडीतून उतरली, खोकली आणि छाती धरून म्हणाली, "शिवा शिवा." प्रत्येक उबळीनंतर ती तसंच म्हणायची.

शेजारच्या माळावर मेंढरं बसवलेली गोजाबाई दूध घेऊन आली, ती चूल पाहून थबकली.

"ही नगा पेटवू, मालक. मुक्काम हलवताना आमी चूल मोडतो. ही मोडली न्हाय, म्हंजी मांडणारी अजून हितनं उठली न्हाय."

"मग येऊन भांड म्हणावं माझ्याशी!" मी काडी ओढली.

रात्री विझवलेल्या चुलीची राख सकाळी गरम लागली. चुलीभोवती ताजं सारवण होतं, शेणात बोटं उमटलेली. गोजाबाईचाच आगाऊपणा, दुसरं कोण? मी विषय सोडून दिला.

खोकला मात्र कमी होत गेला. जिला उठून बसायला माझा हात लागायचा, ती पार्वतम्मा चुलीशी बसून भाकरी थापू लागली. डाव्या हातानं.

"हे डाव्या हातानं कधीपासून?"

"नेहमीच की."

आवाज खणखणीत होता. मला इतका आनंद झाला की पुढं काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गोजाबाईनं दुधाचा तांब्या लांबच ठेवला.

"मालकीण कुटं हाय?"

पार्वतम्मा तिच्या समोरच बसली होती.

"डोळे फुटले काय गं तुझे?" मी खेकसलो. गोजाबाई दोन पावलं मागं सरली. दुपारी ती मेंढरं घेऊन निघून गेली. जाताना तिनं आपली चूल मोडली होती.

आमचाही मुक्काम संपला. भर दुपारी गाडीत सामान चढलं. एवढा मी शहाणा, पण गोजाबाईचं बोलणं डोक्यातून जाईना. चुलीचा दगड पायानं ढकलणार, एवढ्यात पार्वतम्मानं माझं मनगट धरलं.

"राहू द्या. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

पकड घट्ट होती. मी पाय मागे घेतला.

गाडी बांधावर चढली. वारा पडला होता. मागून, बाभळीखालून, खोकल्याचा आवाज आला.

मी पार्वतम्माकडे पाहिलं. तिचं तोंड मिटलेलं होतं.

पुन्हा उबळ आली. लांबलेली, ओळखीची.

"थांब!" मी गाडीवानाला ओरडलो.

"हाण रं," पार्वतम्मा म्हणाली.

त्यानं तिचंच ऐकलं.

मागं कुणीतरी दमून म्हणालं, "शिवा शिवा."