दांड्याची दुसरी चाबी

खोटं वाटलं तर वाटू द्या. मलकापुरात जाऊन कोण्याही जुन्या माणसाले विचारा. महाराष्ट्र नुकताच झालेला, पौषातली संध्याकाळ, अन् कापसाचा एक प्रेस. माझे मामा जानराव तिथं कामाला होते.

प्रेसच्या खोल लाकडी पेटीत माणूस उतरायचा अन् पायानं रुई तुडवायचा. तो बाहेर आला की दांडा ओढायचा, वरून लोखंडी पाट उतरायचा अन् रुईची गाठ दाबली जायची. म्हणून यंत्राच्या दांड्याला कुलूप होतं. चाबी एकच. जो पेटीत उतरेल, त्यानं ती गळ्यात घालायची.

मुकादम उत्तमरावाला धीर कसा तो नव्हता.

"वाट पाहून पाहून गाड्या तुंबून राह्यल्या," म्हणाला, अन् त्यानं दुसरी चाबी करवली.

"या गोंगाटात शिट्टी ऐकू येत नाही, हाताचा इशारा दिसत नाही. चाबी एकच राहू द्या," मामा म्हणाले.

"तू मले शिकवू नको बे."

आठवड्याच्या आत मामांचा धाकटा भाऊ सहदेव पेटीत होता, अन् उत्तमरावानं दांडा ओढला. चाबी सहदेवच्या गळ्यातच होती.

गाठ लाल निघाली. त्याला रुईतून सोडवायला कोयते लागले.

दुसरी चाबी विहिरीत फेकली, असं उत्तमरावानं सगळ्यांना सांगितलं. खोटं बोलताना मेल्याची जीभ झडली नाही.

हंगाम काही थांबत नाही. मामा पेटीत उतरले, चाबी गळ्यात घालून. रुई कमरेपर्यंत आली...

थप... थप...

मामांचे पाय तर थांबले होते.

थप... थप... शेजारीच कोणीतरी तुडवत होतं.

अन् वर पाट हलला.

मामा ओरडले. पाय निघेनात. तेवढ्यात काखेत दोन गार हात शिरले... अन् त्यांना उचलून बाहेर फेकलं. बरगडी मोडली.

दांड्याजवळ कोणीच नव्हतं. कुलूप उघडं, त्यात दुसरी चाबी लोंबत होती.

मग पेटीतून उत्तमरावाचा आवाज आला...

"जानराव, दांडा मागं घे बे. हा मले सोडून नाही राह्यला."

तो आत कसा गेला, देव जाणे.

मामांनी दांडा धरला. मागं घेतला की यंत्र थांबणार. पण मनगट कोणीतरी घट्ट आवळलं...

पाट उतरत गेला. आधी किंकाळी. मग हाडं मोडल्याचा आवाज, उसाचं कांडं मोडावं तसा. मग फळ्यांच्या फटीतून रक्त आलं.

पुढं ही गोष्ट ऐकून सहदेवची बायको चांगुणा मामांकडे आली. त्यांचं मनगट तिनं उलटसुलट करून पाहिलं. वळ नव्हता.

"दादा, कोणी धरलं होतं, का तुम्हीच थांबले?"

मामा आजही उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हातानं जेवतात.

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसत नाही.