पाणी मोजायची वही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मोताळ्याकडचा संघपाल माझ्या चांगल्या ओळखीतला, बढाया मारणारा गडी नाही तो.

गावाची पिण्याची विहीर मोजायचं काम त्याच्याकडे होतं. टेपच्या टोकाला खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायचा. खडू भिजला की पाणी किती फुटांवर ते कळतं. तो आकडा वहीत आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा. हे शिकवलं त्याच्या आधी मोजणाऱ्या शंकररावकाकांनी. म्हातारा आकडा दोनदा वदवून घेई. "बोल," म्हणे. मग, "पुन्हा बोल."

उन्हाळ्यात पाणी पंचेचाळीस फुटांच्या आत लागेपर्यंत नवं बोअर मारायचं नाही, अशी गावानं शपथ घेतली होती. जानेवारीत शंकरराव गेले. आणि संघपालनं आळस केला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिन्ही महिने घरी बसून 'बेचाळीस' लिहिलं. गाव खुश! फळा वाचून लोकांनी अकरा बोअर मारले. मे लागला आणि त्याच विहिरीतून चांगुणाबाईची बादली गाळ घेऊन वर आली, तेव्हा पठ्ठ्यानं टेप पुन्हा हातात घेतला.

चौदा मे, दोन हजार चोवीस. रात्रीचे अडीच. लाईट गेली की शेतातल्या मोटारी थांबतात, पाणी जागेवर येतं, म्हणून खरी मोजणी रात्रीच.

"आता मोजून काय फायदा? काऊन चाल्ले तुम्ही?" बायको धम्मशीला म्हणाली.

"एकदा तरी खरं लिहू दे मले."

वही घेऊन तो विहिरीवर गेला, टेप सोडला. बेचाळीस... पन्नास... साठ. सत्तरला टेप तळाला टेकला, ढिला पडला. वर ओढून पाहिला. खडू कोरडा ठणठणीत.

पुन्हा सोडला. पुन्हा ढिला पडला.

मग ताणला गेला. खालून.

"बोल..."

आवाज ओळखीचा होता.

खरं सांगायलाच आला होता बिचारा. पण तीन महिन्यांची सवय. "बेचाळीस," तोंडातून निघून गेलं.

टेपला खालून हिसका बसला.

"पुन्हा बोल."

"काका... माफ करा मले..."

टेप हातातून सुटला. आत गेला. पडल्याचा आवाज आला नाही.

वही काठावर टाकून तो पळाला.

सकाळी वही तिथेच होती. मी पाहिली आहे ती, या डोळ्यांनी. पुढच्या पाच उन्हाळ्यांच्या ओळी भरलेल्या, शंकररावांच्या तिरक्या अक्षरात. 'कोरडी.' 'कोरडी.' 'कोरडी.' 'कोरडी.' त्यातल्या दोन खऱ्या ठरल्या. लोक बोअर अजून मारताहेत.

पाचव्या ओळीत तो शब्द नाही. तिथं लिहिलंय, 'मोजायला कोणी नाही.'