फाइलींची जन्मवेळ

आई शिवायला बसली की टेपरेकॉर्डरवर रेकॉर्डिंग चालू करायची. ती जाऊन चार वर्षं झाली, तरी तिच्या चाळीस कॅसेटी बुटांच्या खोक्यात तशाच होत्या. त्या मी संगणकावर उतरवायला घेतल्या. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले.

"तिचा आवाज एकदा ऐकव, बास."

फाइलींना नावं द्यायला संगणकात एका ओळीची आज्ञा होती. ती टंकली की त्या क्षणाचं वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद जोडून फाइलचं नाव तयार. एकासारखं दुसरं होणे नाही.

"जन्मवेळच की!" बाबा खूश. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. नावागणिक ते आपलं मनगट बघायचे. "बरोबर आहे तुझं यंत्र. पास!"

आम्ही दोघं पंधरा दिवस खपलो. कॅसेटींत शिलाई मशीनची घरघर, कात्रीची कचकच, रेडिओची गाणी. आई कुठेच नाही. चाळिसावीही तशीच संपली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

यादीत मात्र एकेचाळीस नावं होती.

शेवटचं नाव आजचंच. सकाळी अकरा वीस. घड्याळात अकरा पाच झाले होते. फाइल उघडून पाहिली, तर रिकामी.

"तुझं यंत्र पुढे गेलं," बाबा म्हणाले. आतून तीन घड्याळं आणून त्यांनी ताडून पाहिली. सगळी संगणकाच्या घड्याळाशी सेकंदाला सेकंद जुळत होती.

आम्ही थांबलो.

अकरा वीसला फाइल भरली.

"सुई गेली पुढं, दोरा मागोमाग, दोऱ्याला ठाऊक सुईचाच माग." आई! गुणगुणणारी, तोंडात टाचणी धरल्यासारखी. मग थांबून, "ऐकताय ना?"

"ऐकतोय गं!" बाबा ओरडलेच.

"चष्मा शोधू नका हं. कपाळावर आहे."

बाबांचा हात कपाळावर गेला. आम्ही हसलो, रडलो, पुन्हा हसलो. तिच्या दर प्रश्नामागे नेमकी बाबांच्या उत्तरापुरती जागा सोडलेली होती.

फाइल संपली. यादीत नवं नाव आलं होतं. गुरुवार, सकाळी दहा चाळीस.

चार दिवस घराला जणू पंख फुटले. बाबांनी शर्टाला दोनदा इस्त्री केली. मी रजा टाकली, आईला विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून काढल्या. गुरुवारी दाढी करून बाबा दहालाच खुर्चीत बसले.

"लग्नाला निघाल्यासारखे दिसताय," मी म्हटलं.

"तेव्हा उशीर झाला होता. आज नाही होणार."

मी पडद्याकडे वळले.

दहा चाळीस. फाइल भरली.

आधी आईचं हसू.

मग बाबांचा आवाज. यंत्रातून. जिना चढून आल्यासारखा.

"पोचलो गं. ऐकतेस ना, पोरी?"

मी मान वळवली नाही. शेजारच्या खुर्चीत फक्त बाबांच्या मनगटावरचं घड्याळ टिकटिकत होतं, आणि फाइलीत माझ्या उत्तरापुरती जागा सोडलेली होती.