भडंगचा नाडीपट्टा

घंटागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली, फाटकासमोर थांबली आणि पुढे गेली, तरी भडंग भुंकला नाही. एकेकाळी या गाडीशी त्याचं सात जन्मांचं वैर होतं. आताची गाडी विजेवर चालणारी होती, धूर नाही की घरघर नाही, नुसतं ते गाणं. पण भडंगच्या लेखी शत्रू तो शत्रूच. आज मात्र तो पुढच्या खोलीच्या बंद दाराशी, खालच्या फटीला नाक लावून पडून राहिला. सारिका चौगुले सोफ्यावर बसून त्याच्याकडे बघत होती. शहाणा झाला, असं तिला वाटलं. वाटलं तरी कसं म्हणावं, तसे शब्द मनात आले आणि निघून गेले.

टीव्हीशेजारच्या गंधपेटीने हलकेच 'फुस्स' केलं. वाळा आणि लव्हेंडरचा वास खोलीत पसरला.

ही पेटी घरात आली ती तिचा नवरा, रणजित, गेल्यानंतर. भडंग त्याचा लाडका. पिल्लू असताना त्याने चुरमुऱ्याच्या भडंगाचा अख्खा पुडा फस्त केला होता, तेव्हापासून हे नाव. रणजित गेला आणि या गावठी कुत्र्याने घर डोक्यावर घेतलं. रडायचा, चौकट कुरतडायचा, दारावर नखं घासून पंजे रक्ताळून घ्यायचा. शेवटी जनावरांच्या डॉक्टर नसरीन मुजावर पेटी घेऊन स्वतः घरी आल्या.

"हा नाडीपट्टा त्याच्या पुढच्या पायात घालायचा," त्यांनी सांगितलं होतं. "जनावर घाबरलं की नाडी बिघडते. पट्टा ते पेटीला कळवतो. पेटीत पाच कुप्या आहेत, त्यातून थोडं थोडं घेऊन ती वास सोडते. कशानं तो शांत होतो, ते तिचं तीच शिकते."

"आणि नाही झाला शांत तर?"

"तर थोडं वाढवते. पण काकू, एक गोष्ट ध्यानात ठेवा. दार उघडं पाहिजे. त्याचं नाक आपल्यापेक्षा हजारो पटींनी तिखट. आपल्याला जो सुगंध, त्याचा त्याला मारा होतो. नकोसं झालं की त्याला उठून जाता आलं पाहिजे. पट्टा खोलीबाहेर गेला की पेटी आपोआप थांबते. किती घ्यायचं ते त्यानं ठरवायचं, आपण नाही." मग जाता जाता त्यांनी विचारलं, "घरात मांजर नाही ना? मांजराला ही तेलं पचतच नाहीत."

मांजर नव्हतं. पेटी लागू पडली. भडंग निवांत झोपू लागला, मनाला येईल तेव्हा उठून अंगणात जाऊ लागला.

मग एका रविवारी तिने त्याला अंघोळ घातली. पट्टा काढला आणि हात ओले होते म्हणून स्वतःच्या मनगटात सरकवला, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर सरकवावं तसा. मनगट रिकामंच होतं. बांगड्या काढ, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. ते दिवस गेले. पण त्या मोकळ्या घरात बांगड्यांची किणकिण तिलाच सोसेना, म्हणून एके दिवशी तिने त्या उतरवून ठेवल्या होत्या. तेव्हापासून हात हलका, कुणा परक्याचा असल्यासारखा लागे. पट्टा चढला आणि हाताला जरा वजन आलं. त्या दुपारी, रणजित गेल्यापासून पहिल्यांदा, तिला गाढ झोप लागली. उद्या घालू त्याच्या पायात, असं ती म्हणाली. तो उद्या काही उजाडला नाही.

पुढे सगळं सोपं होत गेलं. रणजितचे कपडे वाटून झाले. त्याची स्कूटर विकली. दाढीचा ब्रशही तिने कचऱ्यात टाकून दिला. नणंद म्हणाली, "वहिनी, खंबीर आहेस हो तू." तिलाही ते पटलं. भडंग मात्र सारखा दाराशी जाऊन बाहेर पळू बघायचा. हा रणजितला शोधत हमरस्त्यावर जाणार आणि एखाद्या डंपरखाली सापडणार, असा तिने हिशेब केला आणि दार लावून घेतलं. तो फटीला नाक लावून बसायचा. वाट बघतोय बिचारा, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्याचं खाणं कमी झालं, तोंडातून लाळ गळू लागली, चालताना मागचे पाय लटपटू लागले. तिला सगळं दिसत होतं. लागत काहीच नव्हतं.

आणि काल संध्याकाळी बंगळूरहून ओवीचा, तिच्या लेकीचा, फोन आला होता. ओवीला चौथा महिना होता.

"आई, बाळ राहिलं नाही गं."

"बरं," सारिका म्हणाली. "जेवलीस काय?"

"आई, मी काय सांगितलं ते ऐकलंस काय तू?"

"ऐकलं की. विश्रांती घे."

ओवीने फोन ठेवला. इथे रडायचं असतं हे सारिकाला ठाऊक होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही. मग तिने कुकर लावला.

घंटागाडी गेल्यावर तिने भडंगपुढे दूधभाकरी ठेवली. त्याने उठायचा प्रयत्न केला, मागचे पाय पसरले आणि तो तसाच आडवा झाला. डोळे अर्धवट मिटले. आता घाबरायला हवं, हे तिला कळलं. भीती येईना, म्हणून तिने कर्तव्य म्हणून फोन लावला.

डॉक्टर मुजावर आल्या त्या उंबऱ्यातच ठसकल्या. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पदराने नाक दाबलं, पेटीची वायर उपटली, खिडक्या धडाधड उघडल्या आणि भडंगला उचलून अंगणात नेलं.

"काकू, अहो, काय करून ठेवलंय हे? पट्टा कुठाय त्याचा?"

सारिकाने हात पुढे केला. बांगडी दाखवावी तसा.

डॉक्टर त्या मनगटाकडे बघतच राहिल्या. "कधीपासून?"

"अंघोळ घातली तेव्हापासून."

"म्हणजे पेटी तुमची नाडी मोजत होती." त्या तिथेच पायरीवर टेकल्या. "विश्रांतीतले ठोके माणसाचे आणि याच्या आकाराच्या कुत्र्याचे जवळपास सारखेच. तिला फरक कळलाच नाही. एक जनावर घाबरलंय आणि काही केल्या शांत होत नाही, एवढंच तिला दिसलं. म्हणून वाढवत गेली. आणि तुम्ही या खोलीतून फारशा हलला नाहीत, त्यामुळे ती फारशी थांबलीही नाही."

"तो दाराशी बसायचा. यांची वाट बघत."

"वाट नव्हता बघत, काकू. हवा शोधत होता."

भडंग जमिनीला नाक लावून मोठे मोठे श्वास घेत होता. सारिका त्याच्याकडे बघत राहिली. त्याने रोज सांगितलं होतं आणि तिने रोज दार लावलं होतं. या वाक्याने काळजात चर्र व्हायला हवं होतं.

"वाचेल काय?"

"वाचेल. मोकळ्या हवेत ठेवा, पाणी पाजा. पेटी मी घेऊन जाते."

"आणि मी?"

"माणसांवर याची चाचणीच झालेली नाही. तुमची नाडी शांत झाली नाही, पण मन मात्र बधिर झालं; तसं बघितलं तर चांगलंच लागू पडलं म्हणायचं. पेटी बनवणाऱ्यांना कळलं तर उड्या मारतील. मागणी कमी नाही बाजारात." त्यांनी पट्ट्याकडे बोट दाखवलं. "काढा तो."

सारिकाने दुसऱ्या हाताने मनगट झाकलं. "राहू दे की."

"पेटीशिवाय तो नुसता रबराचा तुकडा आहे."

"मग राहू दे."

"मी ओढून काढणार नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "त्याला जाता यावं म्हणून दार उघडं ठेवा म्हटलं होतं. ते तुम्हालाही लागू आहे. जायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा."

त्या गेल्या. सारिका अंगणात भडंगजवळ बसून राहिली. ऊन सरकलं. तो पाणी प्यायला. मग त्याने तिच्या मनगटाला नाक लावलं, ते फेंदारलं आणि तोंड फिरवलं; पट्ट्यात तोच वास मुरलेला होता. तेवढ्यावरून तिने पट्टा काढला. खाली बांगड्यांच्याच जागी पांढुरका वळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडीचं गाणं वाजलं तेव्हा दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. भडंगने मान उचलली आणि तो चिरक्या, घोगऱ्या आवाजात एकदा भुंकला. रणजित असता तर आतून ओरडला असता, "कळलं रे, आली गाडी!" सारिका त्या आवाजासाठी थांबली. तो येणार नाही हे तिला पहिल्यांदाच कळल्यासारखं झालं. छातीत कुठेतरी, बधिरलेल्या पायाला येतात तशा, मुंग्या आल्या.

तिने ओवीला फोन लावला. ओवीने उचलला, पण बोलली नाही.

"ओवी. परवा तू जे सांगितलंस..." पुढचे शब्द तिला सापडेनात. नुसता श्वास ऐकू जात होता.

"आई?" ओवीचा आवाज बदलला. "आई, तू रडायला लागलीस काय?"

सारिकाने गालाला हात लावून पाहिला. कोरडाच होता.

"अजून नाही गं," ती म्हणाली. "पण येईल असं वाटतंय. तोवर फोन धरून थांबशील काय?"