प्रीतीच्या लग्नापर्यंत

“पाहुणे यायच्या आत तुह्या गोळ्या अन् दवाखान्याची फाईल दिवाणाच्या पेटीत टाक. अन् कोणी हाताचं विचारलं तर चिकनगुनिया झाला होता म्हणून सांगजो,” सिंधूताई म्हणाल्या, आणि थोरल्या लेकीकडे वळूनही न पाहता पोह्यांवर घालायला सांभाराची हिरवी जुडी चिरू लागल्या.

दीक्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची बोटं त्या सकाळीही ताठरलेली होती, जाड झालेली, जणू कुणा परक्याची आपल्या मनगटाला जोडून दिली असावीत तशी. गोळ्यांचा डबा तिने कोपराखाली धरला, दिवाणाची फळी खांद्याने उचलली आणि तो आत ठेवला... आणि फळी खाली येताना तिला वाटलं, आपल्याच अंगावर झाकण पडतंय.

बत्तीस वर्षांची होती ती. मनीषनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नऊ वर्षं रक्त काढायचं काम करत होती. लहान मुलांची दिसता न दिसणारी शीर तिला बोटाच्या टोकाने सापडायची. त्या पावसाळ्यात दोन्ही मनगटं एकदम सुजली, तेव्हा साऱ्या शहरात चिकनगुनियाची साथ होती आणि तिलाही तेच वाटलं. पण साथ ओसरली, सूज ओसरली नाही. शेवटी तिने स्वतःचंच रक्त स्वतः तपासलं, मशीनमधून निघालेला कागद उभ्यानेच वाचला, आणि कितीतरी वेळ खुर्ची शोधत राहिली. संधिवाताचा तो प्रकार होता, ज्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावून सांगितलं, की हे औषध तापाच्या गोळीसारखं लगेच लागू पडत नाही. तीन महिने धीर धरायचा, एकही आठवडा चुकवायचा नाही. त्याला आता सहा आठवडे झाले होते. आधी सकाळी दोन तास बोटं उघडत नसत, आता तासाभरात उघडू लागली होती. दीक्षा हे कुणाला बोलली नव्हती, पण रोज घड्याळ लावून पाहत होती.

आणि त्याच आठवड्यात प्रीतीला स्थळ आलं.

प्रीती तिची पाठची बहीण, पाच वर्षांनी लहान, शाळेत शिकवणारी. मुलगा संघपाल मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, हुडकेश्वरला स्वतःचं घर, वडील नाहीत, आई रंभाबाई. जातायेता प्रीतीची आणि त्याची ओळख झालेली, दोघांची पसंती आधीच ठरलेली. उरली होती ती फक्त रंभाबाईंची संमती. आणि त्यांच्या नात्यात कुणीतरी म्हणून ठेवलं होतं, की थोरलीला काहीतरी हाडांचं आहे म्हणतात, ते रक्तातलं असलं तर...

पाहुणे बसले. पोहे झाले. मग रंभाबाईंनी अगदी सहज विचारलं, की मोठीचे हात असे काहून सुजले आहेत. सिंधूताईंनी हसून साथीचं कारण सांगितलं, आता ती ठणठणीत बरी आहे म्हणाल्या, आणि ते पटावं म्हणून आतल्या खोलीकडे आवाज दिला, “दीक्षा, चहा तूच आण वं सगळ्याईचा.”

बारा जणांच्या चहाचा भरलेला गंज होता. दीक्षाने पदराच्या दोन घड्या केल्या, काठ धरले आणि तो उचलला. मनगटात काहीतरी सरकलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तशीच ती बाहेर आली, एकेक कप भरत गेली, बाराव्या कपापर्यंत तिने थेंब सांडू दिला नाही, आणि रंभाबाईंना कप देताना हसलीसुद्धा. त्यांचं समाधान झालं. खोलीत एकटी प्रीतीच अशी होती, जिने ताईच्या कपाळावरचा घाम पाहिला... आणि पाहून मान खाली घातली.

लग्न ठरलं, मे महिन्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधूताईंनी दीक्षाला सांगितलं, की आता लग्न होईपर्यंत त्या दवाखान्यात पाय ठेवायचा नाही. तिथे चिठ्ठीच्या खिडकीवर संघपालची मामेबहीण बसते. गोळ्यासुद्धा नकोत, कारण त्यांच्यासाठी दर महिन्याला रक्त तपासायचं, कागद निघायचे, अन् कागद कधी कुणाच्या हाती लागतील याचा नेम नाही. दीक्षाने बाबांकडे पाहिलं. प्रेमानंद रेल्वेतून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग प्रीती तिच्याजवळ येऊन बसली. लहानपणी जिच्या वेण्या दीक्षाने घातल्या, जिला बोटाला धरून शाळेत नेलं, ती प्रीती.

“ताई, सहाच महिने. मग तू जन्मभर खात बस त्या गोळ्या.”

हे ती रागाने बोलली नव्हती. लाडाने बोलली होती. म्हणूनच ते दीक्षाच्या काळजात अधिक खोल गेलं. तिने मान हलवली. हो म्हटलं.

ते सहा महिने दीक्षाने कसे काढले, हे तिचं तिलाच माहीत! औषध सुटलं आणि आजार मोकळा झाला. तासाचे पुन्हा दोन तास झाले, दोनाचे तीन. गुडघे धरले, पावलं धरली. वस्तीत कुणाला शंका येऊ नये म्हणून आई तिला रोज संध्याकाळी दुकानात पाठवायची आणि परतल्यावर विचारायची, लंगडली तर नाही ना. लॅबमध्ये एका तीन वर्षांच्या मुलीला तिने तीनदा सुई टोचली आणि तीनदा शीर चुकली. मुलगी किंचाळत राहिली, तिच्या आईने दीक्षाचा हात झटकला. मालकांनी तिला आधी काउंटरवर बसवलं आणि मार्चमध्ये, फार नम्र शब्दांत, घरीच आराम करायला सांगितलं. सिंधूताई म्हणाल्या, बरं झालं, लग्नाच्या कामाला हात लागेल.

विहाराच्या सभागृहात लग्न लागलं. फोटोच्या वेळी सिंधूताईंनी तिला नवरीच्या मागे उभं केलं आणि कानाशी म्हणाल्या, हात मागे ठेव. प्रीतीच्या लग्नाच्या साऱ्या फोटोंत दीक्षाचा चेहरा आहे, प्रसन्न चेहरा आहे. हात एकाही फोटोत नाहीत.

जूनमध्ये, खिडकीवर ती मामेबहीण नसलेला दिवस बघून, ती पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. औषध का बंद केलं, त्यांनी विचारलं. घरी लग्न होतं, दीक्षा म्हणाली. रोग आता थांबवता येईल, पण वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत, उजवं मनगट आखडलं ते आखडलंच, एवढं त्यांनी सांगितलं आणि पुन्हा त्याच गोळ्या लिहिल्या. पुन्हा तीन महिने वाट पाहायची. या वेळी दीक्षाने घड्याळ लावलं नाही.

प्रीतीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे हुडकेश्वरची मंडळी सतत येणार-जाणार. आणि आता ती बोटं चिकनगुनियाची म्हणून खपणार नव्हती. म्हणून प्रीती आली त्या दिवशी दीक्षाला उमरेडला आत्याकडे धाडण्यात आलं. चार महिने. जिच्यासाठी सारं सोसलं तिच्या बाळाला तिने पहिल्यांदा पाहिलं ते फोनच्या पडद्यावर, आणि तिथेही प्रीतीने दोन मिनिटांत कॅमेरा बंद केला.

ती इंदोऱ्याला, आपल्या घरी, परतली तेव्हा प्रीती सासरी गेली होती. पुढे काही महिने गेले, बाळ सहा महिन्यांचं झालं असेल. एका सकाळी सिंधूताई व्हिडिओ कॉलवर नातवाशी बोलत होत्या आणि दीक्षा मागे बसून ऐकत होती. बाळ रडलं, प्रीती त्याला उचलायला वाकली... आणि दीक्षा जागच्या जागी थिजली. प्रीतीने बाळाला पंजांनी धरलं नाही. दोन्ही कोपरांच्या मधे, हातांची फळी करून तिने त्याला वर घेतलं. अशा रीतीने कोण उचलतं, हे त्या घरात फक्त दीक्षाला ठाऊक होतं.

तिने दुपारी प्रीतीला एकटीला फोन केला. प्रीती आधी नाहीच म्हणाली. मग रडू लागली. महिनाभरापासून सकाळी झबल्याचे बंद बांधता येत नव्हते, दुधाच्या बाटलीचं झाकण उघडत नव्हतं. सासूबाई म्हणत, कामाचा कंटाळा आला हिला. दीक्षाने विनवलं, आजच डॉक्टरांकडे जा, एकेक आठवडा मोलाचा आहे. पण प्रीती घाबरून गेली होती. डॉक्टर विचारतील घरात आणखी कुणाला आहे का, मग सारं उघड होईल, फसवून लग्न केलं म्हणून हे लोक मला घराबाहेर काढतील. तू बोलू नको ताई, तुला बाळाची शपथ. सिंधूताईंना कळलं तेव्हा त्यांनी थंडपणे सांगितलं, की दीक्षाने तोंड उघडलं तर तिला आई नाही असं समजावं.

रविवारी दीक्षा कुणाला न सांगता हुडकेश्वरच्या बसमध्ये बसली.

दार रंभाबाईंनीच उघडलं. संघपाल घरात होता, प्रीती बाळाला घेऊन पलंगावर. दीक्षाने ओढणीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि रंभाबाईंच्या समोर धरले. किती तरी महिन्यांत तिने ते कुणासमोर असे धरले नव्हते.

“मावशी, हे चिकनगुनियाचं नाही. संधिवात आहे, लग्नाच्या आधीपासून. आई-बाबाले माहीत नव्हतं, प्रीतीलेही नाही. रिपोर्ट मीच लपवला, लॅबमध्ये मीच होती. आता तिचे हात पाहा. माह्यासारखा उशीर करू नका.”

रंभाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी ते हात नीट पाहिले, मग तिचा चेहरा पाहिला.

“स्वतःचं जमलं नाही म्हणून बहिणीच्या संसारात आग लावाले आली काय तू? या दारात पुन्हा पाय ठेवू नको.”

दीक्षाने फक्त एकदा प्रीतीकडे पाहिलं. एक शब्द... एकच शब्द ती बोलली असती. प्रीतीने बाळाचं टोपडं सारखं केलं. पण संघपाल मात्र उठला होता. त्याने बायकोची बोटं हातात घेतली, दाबून पाहिली, ती कळवळली तसा त्याने फोन उचलला आणि दीक्षाला विचारलं, डॉक्टरीणबाई कोणत्या वारी बसतात. तेवढं सांगून दीक्षा पायऱ्या उतरली.

प्रीतीचं रक्त दुसऱ्याच दिवशी तपासलं गेलं. अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतील अशा गोळ्या सुरू झाल्या. वेळेत सुरू झाल्या. हे सारं दीक्षाला बाबांकडून कळलं, कारण प्रीतीचा फोन येत नव्हता आणि सिंधूताईंनी बोलणं टाकलं होतं. त्या ताट वाढायच्या आणि त्यात अख्खी, कडक भाकर ठेवून निघून जायच्या. लेकीला ती मोडता येत नाही हे ठाऊक असून. मग प्रेमानंद कुणी पाहत नाही असं बघून यायचे, वरणात भाकर कुस्करायचे आणि परत जाऊन बसायचे. असे तीन महिने गेले, चौथाही सरला.

हुडकेश्वरला तोवर प्रीतीची बोटं मोकळी झाली होती. एक दिवस शेजारीण येऊन बसली असता रंभाबाई तिला सांगत होत्या, सूनबाई गुणाची आहे, पण तिची बहीण खोटारडी निघाली, स्वतःच्या आईबापालेही फसवलं तिनं. प्रीती बाळाला झबलं घालत होती. बंद तिने स्वतःच बांधले होते, दोन्ही, घट्ट. आणि त्या बांधलेल्या गाठीकडे पाहता पाहता तिला पुढचं ऐकवेना. ती उठली आणि शेजारणीच्या देखतच सारं बोलून गेली. गोळ्या कुणी बंद केल्या, सहाच महिने म्हणून कुणी गळ घातली, उमरेडला कुणी धाडलं... सारं.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई सुनेला आणि नातवाला घेऊन इंदोऱ्याला आल्या. पाणीसुद्धा न घेता त्यांनी सिंधूताईंना विचारलं, पोरीच्या गोळ्या तुम्ही बंद केल्या काय. सिंधूताई आधी नाही म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाजच बदलला.

“दोन पोरी होत्या मले. एकीचं बिघडलंच होतं. मनात म्हटलं, जिचं बिघडलं तिचंच आणखी बिघडू दे... दुसरी तरी लग्न होऊन जाईल.”

दीक्षाला हे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण आईच्या तोंडून ऐकताना तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला मोजून, तोलून, बाजूला ठेवलेलं आपण आज उघड्या डोळ्यांनी पाहतो आहोत.

“मीही तिथंच होतो,” प्रेमानंद म्हणाले. “मी काही बोललो नाही.” आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

रंभाबाईंनी दीक्षाला सांगितलं, की त्या दिवशी बोललेले शब्द त्या परत घेतात, आणि नातवाला मावशी कोण ते कळायला हवं, तेव्हा तिने घरी येत जावं. प्रीती दीक्षाच्या गुडघ्यांवर डोकं टेकून हुंदके देत होती. दीक्षाने आपला आखडलेला हात तिच्या केसांवर ठेवला.

“सकाळी किती वेळ ताठ राहतात आता?”

“दहा मिनिटं, ताई.”

“चांगलं आहे. गोळी चुकवू नको.”

क्षमेचे शब्द तिने आत शोधले. ते अजून तिथे नव्हते.

मंडळी गेल्यावर सिंधूताई तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी लेकीचा उजवा हात ओढून घेतला आणि ती वाकडी बोटं एकामागून एक दाबू लागल्या, जणू बळ लावलं तर अजूनही सरळ होतील. दाबत होत्या आणि रडत होत्या, इतक्या जोराने, की दीक्षाच्या खांद्यापर्यंत कळ गेली.

“हळू धर, आई,” ती म्हणाली. “दुखते.”

सिंधूताईंची पकड सैल झाली. त्यांनी तो हात सोडला नाही, आपल्या मांडीवर ठेवून घेतला, आणि दीक्षाने तो तिथे राहू दिला.