शेपटीकडचे हात

विश्वेश मूळचा सांगलीचा, नोकरी चेन्नईच्या मत्स्यखात्यात. कोळ्यांच्या जाळ्यात चुकून संरक्षित मासा आला की तो जिवंत समुद्रात सोडायचा, हे त्याचं काम. त्या संध्याकाळी शहराबाहेरच्या एका कोळीवाड्यातून फोन आला, तसा तो ऑफिसातल्या मानाजीरावांना घेऊन निघाला. मानाजीराव तंजावरी मराठे, वयानं वडीलधारे.

उथळ पाण्यात गिटारमासा पडला होता. तोंडाकडे पसरट, मागे शार्कसारखा, माणसाहून लांब. मादी, तीही गाभण. कोळी बाकीची मासळी घेऊन केव्हाच पांगले होते. मागच्या खेपेला घाई केली आणि अशीच एक मादी पिलांसकट विश्वेशच्या हातात मेली. ते त्याला अजून खात होतं. हिला काही झालं तरी जगवायचं होतं.

"अंधारात इथले लोक पाण्यात जात नाहीत, सार," मानाजीराव हळूच म्हणाले. "का विचारलं, तर गप्प बसतात..."

"बसू देत. तुम्ही शेपटीकडून पोटाखाली तळवे लावा. ओढायचं नाही. तिनं जोर केला की सोडायचं."

कमरेएवढ्या पाण्यात विश्वेशनं तिचं तोंड लाटांकडे वळवलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस तो. तिच्या डोळ्यांमागच्या श्वासाच्या छिद्रांवरून नजर हलवेना. दिवस बुडाला. कुजक्या शेवाळाचा वास दाटला. लाटांच्या गाजेत दुसरं काही ऐकू येईना.

"थोडं वर घ्या, मानाजीराव."

शेपटी अलगद वर आली. फार सफाईनं. छिद्रं उघडमीट करू लागली, अंगात थरथर आली, आणि एका हिसक्यासरशी ती निघून गेली. विश्वेशचा जीव भांड्यात पडला. त्याला रडूच आलं.

"शाबास, मानाजीराव..."

"सार!" हाक किनाऱ्यावरून आली. तिथे टॉर्च हलत होता. "कत्ती जीपमध्ये सापडत नव्हती. मघाशी ओरडून सांगितलं की... शेपटीला जाळ्याचा फास आहे. कापल्याशिवाय सोडू नका."

किनाऱ्याकडे धावायला विश्वेशनं पाय उचलला, तोच पोटाखाली दोन गार तळवे लागले. त्यांनी त्याला ओढलं नाही. फार जपून त्याचे पाय वाळूवरून सुटे केले, आणि त्याचं तोंड लाटांकडे वळवलं.