रस्ता बेतताना

कालच डांबर पडलेला रस्ता सकाळी काळाभोर, कोरा करकरीत दिसत होता, आणि कापडावर खुणा करायच्या खडूने ती त्यावर गुडघे टेकून पट्टे आखत होती.

“रस्त्याला सदरा शिवताय वाटतं?”

तिने दचकून वर पाहिलं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात आखणीची दोरी... रस्त्याचं काम बघणारा इंजिनियर! पण चोराच्या उलट्या बोंबा तिलाही मारता येत होत्या.

“तुमचं माप चुकलंय म्हणून! जुने पट्टे पार कोपऱ्यावर होते. तिथवर जातं कोण? सगळे इथूनच ओलांडतात.”

“जुन्याच जागी रंगवा, असा हुकूम आहे.”

“डांबर नवं आणि चूक जुनी?” तिचा आवाज एकदम उतरला. “माझे बाबा काठी टेकत चालतात. समोरच वाचनालय. एकदा गाडी अगदी अंगाला घासून गेली... तेव्हापासून माझा हात धरल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. आता रंग पडला, की पुढचं डांबर येईपर्यंत कोण हलवणार?”

त्याचे हसरे डोळे गंभीर झाले. मग पुन्हा मिश्कील.

“रेषा सुरेख आल्यात. पण पट्टे गाड्यांच्या दिशेने असतात हो... तुम्ही झेब्रा आडवा पाडलात!”

ती लाजून लाल झाली.

दिवसभर तो तिच्या शिवणकामाच्या दुकानासमोर उभा राहून ये-जा बघत होता. अधूनमधून, खोटं कशाला सांगा, शिलाई मशीनकडेही. तिची शिवण दोनदा वाकडी गेली. संध्याकाळी त्याने साहेबांना तिथेच आणून उभं केलं, आणि साहेबांचं डोकं खाऊन खाऊन अखेर होकार मिळवला.

पट्टे तिच्या दारासमोर आले. लेन जरा अरुंद करून, खांब रोवून मधे थांबायला जागाही काढली.

रंग वाळल्यावर ती बाबांना घेऊन कडेला आली. गाड्या थांबल्या. बाबांनी हळूच आपला हात सोडवून घेतला.

“मी जातो.”

काठी टेकत, मधे जरा दम खात, ते एकटे पलीकडे पोचले. तिला रडूच फुटलं.

“माझं इथलं काम संपलं,” शेजारी येऊन तो म्हणाला, “आणि मला ते मुळीच संपायला नको होतं. तुम्ही... तू आवडतेस मला.”

तिने डोळे पुसले.

“हात रिकामा झालाय माझा,” ती म्हणाली. “धरतोस?”